दुसऱ्याच्या नावाचा शर्ट

आष्टीच्या बेबीनंदा खरातच्या घरी ते आलं, ते रात्री-बेरात्री नव्हे. भर दुपारी आलं, बाराच्या उन्हात, सावली पायाखाली गेलेली असताना. म्हणून तर तिला संशय आला नाही. अंधारात माणूस सावध असतो. उन्हाला कोण भितो?

ती गिरणीतून ज्वारीचं पीठ घेऊन घरी निघाली होती. वैशाख होता. अंगणवाडीला सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून तिला दुपारची सवड होती. नवरा अप्पाराव, एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी करून रिटायर झालेला, सकाळच्या गाडीनं डोळे दाखवायला परतूरला गेला होता. लेक प्रियदर्शनी घनसावंगीला शाळेत शिकवायची आणि तिथंच राहायची. धाकटा राजानंद, घरातला राजू, नौदलात होता. दूर पूर्वेच्या किनाऱ्यावर, एका मोठ्या तळावर. परतूरहून निघालं की दोन रात्री गाडीत काढाव्या लागायच्या. बेबीनंदानं समुद्र कधी पाहिला नव्हता. राजू फोनवर म्हणायचा, "माय, गोदावरीला पूर आल्यावर पलीकडचा काठ दिसत न्हाई ना, तसं समज. फक्त काठ न्हाईच."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिनं फाटकाची कडी काढली आणि थबकली.

अंगणात लिंबाच्या झाडापाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. निळा शर्ट, निळी पँट. नखशिखांत ओलं. बाह्यांतून पाणी निथळत होतं आणि तापलेल्या फरशीवर पडून जागच्या जागी सुकत होतं.

"कोण हाय?"

ते वळलं. घराच्या पत्र्यावरचं ऊन त्याच्या मागून थेट तिच्या डोळ्यांत येत होतं, त्यामुळं चेहरा नुसता काळा दिसला. पण छातीवरची नावाची पट्टी तिनं वाचली. अंगणवाडीच्या बाईला तेवढं इंग्रजी येत होतं. आर. ए. खरात.

डोक्यावरचं पीठ कसंबसं ओट्यावर ठेवून ती पुढं धावली. "राजू? आरं, न सांगता कसा आलास? आन् हे भिजून कामून आलास? सिंधीच्या ओढ्यात तरी कुठं पाणी हाय आत्ता?"

तो एक हात चेहऱ्यावर आडवा धरून उभा राहिला, उन्हानं डोळे दिपल्यासारखा. मग दुसऱ्या हाताचा अंगठा ओठांकडं नेला. पाणी.

तिनं रांजणातून तांब्या भरून दिला. त्यानं पाठ वळवून तो एका दमात संपवला. दुसरा दिला. तिसरा. सात तांबे झाले. रांजणातलं पाणी तळाला गेलं तरी हात पुढंच होता. आणि जेवढं पाणी तो पीत होता, तेवढंच त्याच्या पायाशी साचत होतं. तिला वाटलं, कपडे निथळतायत. वास येत होता. जळक्या ऑइलचा, केस जळाल्याचा, आणि त्याखाली एक खारा, कुबट वास, जो तिनं आयुष्यात कधी घेतला नव्हता.

"कपडे काढ रं. बाबाचं धोतर देते."

तो तिच्या अंगावरून आतल्या खोलीत गेला. जाताना जो वारा लागला तो थंड होता. बाजेवर भिंतीकडं तोंड करून तो आडवा झाला आणि कुडकुडायला लागला. बाहेर पत्रे तडतडत होते आणि हा कुडकुडत होता. बेबीनंदानं पेटीतली गोधडी काढून त्याच्यावर घातली, खांद्यापर्यंत नीट खोचली. लेकरू लांबून आलंय, थकलंय. उठला की बोलेल. तिनं गॅस पेटवला, पीठ मळलं आणि भाकरी थापायला बसली. खरं सांगायचं तर त्या घटकाभरात ती फार सुखी होती. हे ती नंतर स्वतःच सांगायची.

पहिली भाकरी तव्यावर असतानाच फोन वाजला. प्रियदर्शनी होती.

"माय, बाबा कुठं हायेत?"

"परतूरला. आगं ऐक तर..."

"टीव्ही लावलाय का तू? लावू नको. मी निघालेय, जीप मिळाली की येतेच." ती धापा टाकत होती. "राजूच्या तळावर हल्ला झालाय, माय. पहाटेच. कुणाला काही खबर न्हवती. लढाई न्हाई, काही न्हाई, आन् एकदम आकाशातून... दोन जहाजं जाग्यावर बुडालीत. बराकी जळाल्यात. आत्ता बातमी फुटली. राजूचा फोन लागत न्हाई..."

बेबीनंदा हसली. अगदी मोकळं हसली. "येडी हायेस का? राजू तर घरी आलाय! आत निजलाय. आत्ताच आल्ता, भिजून..."

पलीकडं गाडीचा हॉर्न तेवढा ऐकू आला.

"माय," प्रियदर्शनी अगदी हळू म्हणाली, "काल रात्री नऊ वाजता राजू माझ्याशी व्हिडिओवर बोललाय. तळावरून. तिथून आष्टीला यायला दोन दिवस लागतात."

बेबीनंदाची नजर आतल्या दाराकडं गेली.

"माय... घरात कोण हाय?"

बेबीनंदानं भाकरी उलटली. का उलटली, तिला ठाऊक नाही. हातानं सवयीनं उलटली. मग तिला ऐकू आलं. आतल्या खोलीतून थेंबांचा आवाज येत होता. टप... टप... बाजेखाली.

ती पळाली नाही. उठून दारात गेली. तो तसाच पडला होता, भिंतीकडं तोंड करून. गोधडी काळपट भिजली होती. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप नेमकी त्याच्या कानावर पडली होती आणि त्या कानाच्या पाळीला एक भोक होतं. जुनं, लहानपणी टोचलेलं.

राजूचे कान टोचलेले नव्हते. नातेवाइकांनी कितीही सांगितलं तरी अप्पारावनं टोचू दिले नव्हते. "आपल्या घरात असलं काही चालणार न्हाई," असं म्हणाला होता. तिच्या घरातून देव-देवस्की, अंगारे-धुपारे बाहेर पडून दोन पिढ्या झाल्या होत्या. भूत हा शब्द त्या घरात चेष्टेला सुद्धा कुणी वापरत नसे.

"लेकरा..." तिच्या तोंडून निघालं. "तू कोण हाईस?"

कुडकुडणं थांबलं. गोधडीखालून, पाण्यातून आल्यासारखा, एकच शब्द आला.

"अम्मा..."

बाहेर फाटक वाजलं. शेजारच्या कांताबाई आणि पोलीस पाटील तातेराव धावत आले होते. त्यांनी बातम्या पाहिल्या होत्या. बेबीनंदानं मान वळवली ती तेवढीच. पुन्हा आत पाहिलं तर बाजेवर नुसती गोधडी होती. माणसाच्या आकारात फुगलेली. त्यांच्या देखत ती हळूहळू खाली बसली.

संध्याकाळी अप्पाराव आला, प्रियदर्शनी आली आणि सातच्या सुमाराला तो फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत फार सावकाश, फार आदरानं बोलत होता. राजानंद अप्पाराव खरात यांना वीरमरण आलं आहे.

अप्पाराव फोन हातात घेऊन तसाच ओट्यावर बसला. रडला नाही. "पण त्याला तर रजा मिळणार होती," एवढंच तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात येणार होता." ही गोष्ट त्यानं त्या रात्री पंचवीस माणसांना सांगितली, प्रत्येकाला नव्यानं, जणू ही अडचण कुणीतरी वर कळवली तर मरण रद्द होईल.

गोधडी दोरीवर वाळत होती. सकाळी तिच्यावर पांढरं धरलं होतं. कांताबाईनं बोट लावून जिभेवर ठेवलं आणि थुंकली. मीठ.

तिसऱ्या दिवशी पेटी येणार होती. दोन दिवसांत गावानं सगळं केलं. शाळेमागचं मैदान झाडलं, मंडप टाकला, चौकाचौकात राजूचे फोटो लावले. विहारात वंदना झाली. पंचक्रोशीतली माणसं आली, न ओळखणारीही आली. लढाई म्हणजे टीव्हीवर असते, कुठल्याशा डोंगरात असते. ती पहाटे झोपलेल्या पोरांवर येते आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत येऊन उभी राहते, हे कुणाच्या डोक्यात बसत नव्हतं.

त्या गर्दीत बेबीनंदा एकटीच रडत नव्हती.

"पेटीत येतोय त्यो आपला राजू न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "आल्ता त्यो दुसऱ्याचं लेकरू होतं. पेटीत त्योच हाय."

"राजूची माय..." अप्पारावचा आवाज चिरकला. "उन्हानं भास झाला तुला. गावासमोर बोलू नको. मेलेल्या पोराची चेष्टा करू नको."

"मी चेष्टा करून राह्यले का? मंग त्या गोधडीचं काय?"

त्या गोधडीकडं तो बघतच नसे.

पेटी आली. झेंड्यात गुंडाळलेली, सहा जवानांच्या खांद्यावर. सोबत एक तरुण अधिकारी होता, मराठी बोलणारा, डोळे सुजलेला. त्याचीही माणसं त्या पहाटे गेली होती. मंडपात पेटी ठेवली आणि घोषणा थांबल्या. तेव्हा बेबीनंदा उठून पुढं गेली आणि पेटीवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, उघडा."

"आई," अधिकारी वाकून म्हणाला, "नका. बघण्यासारखं नाही राहिलं. आगीत सापडले होते, मग पाण्यात. शर्टाच्या पट्टीवरून आम्ही..."

"चेहरा नका दाखवू. मला कान बघायचाय. एक कान."

मंडपात कुजबूज झाली. पोलीस पाटील पुढं झाला, "वहिनी, चला, बसा." अप्पारावनं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवला.

"टोचलेला असला तर माझा न्हाई. न्हाई टोचलेला तर मी तुमच्या पाया पडून माफी मागते, आन् तुमी म्हणाल तसं करा. पण हे कुणाचं तरी लेकरू हाय, साहेब. त्याची माय तिकडं वाट बघत आसंल. माझ्या हातानं त्याला मूठमाती द्यायला लावू नका."

अधिकाऱ्यानं मंडपाच्या कनाती खाली सोडायला सांगितल्या.

आत गेले ते चौघं: तो, बेबीनंदा, अप्पाराव आणि एक जवान. बाहेर हजार माणूस उभं होतं. मग आतून अप्पारावचा हुंदका आला. तीन दिवसांतला पहिला. कनात बाजूला सारून अधिकारी बाहेर आला, तो फोन कानाला लावूनच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कान टोचलेला होता.

रात्रीतून बोटांचे ठसे ताडून पाहिले गेले आणि पहाटे खरं काय ते कळलं. पहिला स्फोट झाला तेव्हा बराकीत मिट्ट काळोख होता. पोरं झोपेतून उठली, खुंटीवर हाताला जो शर्ट लागला तो घालून बाहेर पळाली. राजूच्या शेजारी दिलेश्वर राव नावाचा पोरगा झोपायचा, आंध्रातल्या कोळ्यांच्या एका गावचा. दोघांचे शर्ट एकाच खुंटीला. दिलेश्वर राजूचं नाव अंगावर घेऊन पाण्यात गेला. राजू दिलेश्वरचं नाव घेऊन जळत्या लाकडांखाली सापडला, बेशुद्ध, तोंडाला पट्ट्या. पण जिवंत.

आणि तीन दिवस त्याच्या खाटेशी दिलेश्वरची म्हातारी आई बसून होती. आपला पोरगा वाचला म्हणून ती सगळ्या वॉर्डाला साखर वाटत होती.

खरात नवरा-बायको तिथं पोचले तेव्हा तिला सांगून झालं होतं. ती वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती, काळीसावळी, वाळलेली बाई, मांडीवर साखरेची पुडी. बेबीनंदा तिच्यापाशी जाऊन बसली. एकीला तेलुगू येत नव्हती, दुसरीला मराठी. शेवटी दिलेश्वरची बहीण लक्ष्मी मधे बसली आणि बेबीनंदाचं मोडकंतोडकं हिंदी तिनं आईला तेलुगूत सांगितलं. बेबीनंदा म्हणाली, "हिला सांग, तुझा लेक माझ्या घरी आल्ता. तहानलेला होता. मी त्याला पाणी पाजलं, पांघरूण घातलं. भाकरी मात्र राह्यली." म्हातारीनं ते ऐकलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या तोंडावर दाबून धरले.

अप्पाराव भिंतीकडं बघत उभा होता. त्यानं या वेळी भास म्हटलं नाही.

राजू तीन महिन्यांनी घरी आला. गावानं वाजतगाजत आणला. डावी बाजू जळाली होती. गाल, मान, कातडी गुळगुळीत आणि ओढलेली; हसताना डाव्या गालाला पडायची ती खळी पुसून गेली होती. आवाज घोगरा झाला होता, धुरानं नळी जळाली म्हणे. पण चालणं तेच, सगळ्यांची नावं पाठ. मास्तरांना ओळखलं, प्रितमला, त्याच्या लहानपणीच्या मित्राला, ओळखलं, प्रियदर्शनीची चेष्टा केली. दुपारचा मात्र तो झोपायचा, फार झोपायचा, आणि झोपेत 'अम्मा' असं काहीतरी पुटपुटायचा. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसलाय, वेळ लागेल. बेबीनंदा त्याच्या उशाशी बसून त्याच्याकडं बघत राहायची. गेलेला मिळाला, तिला आणखी काय पाहिजे होतं?

पोळा झाल्यावरची गोष्ट. अप्पाराव बाजारात गेला होता. राजू आत झोपलेला. बेबीनंदा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. फोन वाजला. लक्ष्मीचा होता. अधूनमधून ती खुशाली विचारायला फोन करायची, पण आज तिचा आवाज वेगळाच होता, कुणीतरी ऐकेल म्हणून दबलेला.

"अम्माजी, कल दोपहर को हमारे घर कोई आया है।"

"कौन आया?"

"मालूम नहीं। पूरा भीगा हुआ। कमीज़ पे भैया का नाम है। माँ बोली, दिलेश्वर आ गया, माँ ने चावल खिलाया। लेकिन भैया नहीं है, अम्माजी। वो तेलुगू नहीं समझता। बैठा है अभी भी, दरवाज़े के पास।"

बेबीनंदाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दिखता कैसा है?"

"आप जैसा।" लक्ष्मी म्हणाली. "चेहरा एकदम साफ है। हँसता है तो गाल में गड्ढा पड़ता है। बाएँ गाल में।"

आतल्या खोलीत खिडकी बंद होती. तिथून झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, संथ, घोगरा.

"एक ही बात बोलता है, बार-बार। आपकी भाषा में। मुझे समझ नहीं आया, तो मैंने जैसा सुना वैसा कागज़ पे लिख लिया। पढ़ूँ?"

बेबीनंदा हो म्हणाली की नाही, तिला आठवत नाही. पलीकडं कागदाची घडी उलगडल्याचा आवाज झाला. आणि मग ती परमुलखातली पोरगी, एकेका अक्षरावर अडखळत, अर्थ न कळता वाचायला लागली.

"माय... तुज्यापाशी... निजलाय... त्यो मी... न्हाई..."

"इसका मतलब क्या है, अम्माजी?"

आतला श्वास थांबला होता. बाज करकरली. थंड फरशीवर अनवाणी पाय टेकल्याचा आवाज आला, आणि मग दाराच्या आतून, अगदी जवळून, अगदी मायेनं कुणीतरी विचारलं,

"कुणाचा फोन हाय, माय?"